हवेत न थांबणारा प्रकाश

२३ जानेवारी २०२२ च्या संध्याकाळी दिल्लीत इंडिया गेटजवळच्या दगडी छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्र बोस उभे राहिले. १९६८ पर्यंत या छत्रीत पंचम जॉर्जचा पुतळा होता. तो हलवल्यानंतर जागा रिकामीच राहिली होती. नेताजींचा ग्रॅनाइटचा पुतळा घडून येईपर्यंत तिथे त्यांची प्रकाशातून उभी केलेली प्रतिमा असावी, असं ठरलं. ती २८ फूट उंच आणि ६ फूट रुंद होती. तिच्यासाठी ३० हजार ल्युमेनचा फोर-के प्रोजेक्टर लावला होता आणि ती पडत होती जवळजवळ ९० टक्के पारदर्शक असलेल्या एका पडद्यावर. सप्टेंबरमध्ये दगडी पुतळा आला आणि प्रोजेक्टरचं काम संपलं.

त्या दिवशी बातम्या पाहणाऱ्या बहुतेकांना पडदा दिसला नाही, नेताजी दिसले. अंधारात, कशाचाही आधार नसलेले, हवेत उभे. अशी दृश्यं आता नवी राहिलेली नाहीत. दिवंगत गायक रंगमंचावर गातात, निवडणुकीच्या सभेत नेता एकाच वेळी अनेक गावांत बोलतो, मॉलमध्ये बाटली हवेत गरगर फिरते. या सगळ्याला सरसकट होलोग्राम म्हटलं जातं. पण यांतल्या प्रत्येकाच्या पाठीमागे प्रकाशाची वेगळी युक्ती आहे आणि ज्या शोधाला १९७१ चं नोबेल पारितोषिक मिळालं, तो शोध यांतल्या जवळजवळ एकाही ठिकाणी नसतो. तो शोध अधिक अवघड आहे आणि मला विचाराल तर कितीतरी अधिक विलक्षण आहे. म्हणून या युक्त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

सुरुवात एका साध्या नियमापासून करू. प्रकाश हवेत थांबत नाही. निघाला की तो सरळ जात राहतो आणि आपल्या डोळ्यात शिरला तरच आपल्याला दिसतो. बाजूनं जाणारा झोत आपल्यासाठी अदृश्यच असतो. चित्रपटगृहात प्रोजेक्टरचा झोत दिसतो, कारण वाटेतले धुळीचे कण त्यातला थोडा प्रकाश आपल्याकडे वळवतात. तेव्हा हवेत चित्र दिसत असेल, तर एकच प्रश्न विचारायचा: हा प्रकाश माझ्या डोळ्याकडे कोणी वळवला?

नेहमीच्या प्रोजेक्टरमध्ये हे काम पडदा करतो. प्रोजेक्टरचा जुना अवतार म्हणजे मॅजिक लँटर्न. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सनं १६५९ मध्ये तो तयार केला: दिवा, काचेवर रंगवलेलं चित्र आणि पुढे बहिर्गोल भिंग. या दिव्याला आपल्याकडे एक स्वतंत्र घराणं लाभलं. १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी हातानं रंगवलेल्या काचपट्ट्या भराभर सरकवून पडद्यावरच्या आकृत्यांना हालचाल दिली आणि संवाद-संगीताच्या साथीनं पुराणकथांचे खेळ केले. त्यांनी या खेळाला नाव दिलं होतं ‘शांबरिक खरोलिका’. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा चित्रपट ७ जुलै १८९६ रोजी दाखवला गेला, त्याच्याही आधी कल्याणकरांनी पडद्यावर हलतं चित्र पाहिलेलं होतं. आपल्या चित्रपटाचा इतिहास सांगताना या माणसाला बहुधा एखाद्या ओळीत आटोपतात. त्याच्यावर यापेक्षा खूप जास्त लिहिलं जायला हवं.

आजच्या बऱ्याच प्रोजेक्टरमध्ये काचपट्टीची जागा एका चिपनं घेतली आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये या चिपचा शोध लावला. तिच्यावर आता लाखो सूक्ष्म आरसे असतात. प्रत्येक आरसा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. तो दोन्ही बाजूंना साधारण १२ अंशांनी कलतो. एका बाजूला कलला की प्रकाश भिंगातून पडद्यावर जातो, दुसरीकडे कलला की आतच जिरतो. सेकंदाला हजारो वेळा ही उघडझाप चालते. आरसा जितका जास्त वेळ ‘चालू’ बाजूला, तितका तो ठिपका उजळ. राखाडी रंगाची प्रत्येक छटा म्हणजे या वेळेची वाटणी असते. काळा रंग मात्र कुठलाच प्रोजेक्टर फेकू शकत नाही, कारण काळेपणा म्हणजे प्रकाश नसणं. हवेतल्या प्रतिमांचे सगळे खेळ अंधारात होतात त्याचं एक कारण हे: चित्रातला काळा भाग पारदर्शक पडद्यावर काहीच उमटवत नाही, त्यातून मागचा अंधार दिसतो आणि माणूस चौकटीबाहेर येऊन उभा असल्यासारखा वाटतो. नेताजींच्या प्रतिमेचं हेच सूत्र होतं. पडदा जवळजवळ सगळा प्रकाश आरपार जाऊ देतो, थोडासाच प्रेक्षकांकडे वळवतो. तो थोडासा प्रकाश पुरावा म्हणून प्रोजेक्टर भलताच प्रखर लागतो.

राजकीय सभांतली आणि मैफलींतली युक्ती वेगळी आहे आणि तिचं वय १६० वर्षांहून जास्त आहे. २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत प्राध्यापक जॉन हेन्री पेपर यांनी चार्ल्स डिकन्सच्या ‘द हॉन्टेड मॅन’मधला प्रसंग रंगमंचावर आणला. भूत आलं, नटाच्या समोर उभं राहिलं, त्याच्या तलवारीचा वार आरपार गेला आणि ते विरून गेलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या अभियंत्याची होती. पण त्याच्या मांडणीप्रमाणे करायचं तर नाट्यगृहच नव्यानं बांधावं लागलं असतं. पेपर यांनी ती अशी सोपी केली की कुठल्याही रंगमंचावर बसवता यावी. एकस्वावर नावं दोघांची असली तरी प्रयोगाला ‘पेपरचं भूत’ हेच नाव चिकटलं.

रात्रीच्या एसटीत आतले दिवे लागले की खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा बाहेरच्या झाडांमधून धावताना दिसतो. पेपर यांनी केलं ते एवढंच, पण काटेकोर मापानं. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये एक मोठी स्वच्छ काच तिरकी लावली. रंगमंचापुढच्या खड्ड्यात, प्रेक्षकांच्या नजरेआड, भुताचं काम करणारा नट उभा केला आणि त्याच्यावर प्रखर दिवा सोडला. काचेतून प्रेक्षकांना मागचे खरे नट दिसत आणि तिच्यावरून परावर्तित होऊन खड्ड्यातला नटही दिसत असे. तो काचेच्या जितका पुढे, तितकीच त्याची आभासी प्रतिमा काचेच्या मागे, म्हणजे थेट रंगमंचाच्या मधोमध. ४५ अंशांत लावलेली साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा परत पाठवते. म्हणून भुतावरचा दिवा प्रखर आणि रंगमंच अंधारा. दिवा मालवला की भूत नाहीसं. रंगमंचावरच्या नटाला मात्र ते कधीच दिसत नसे. जमिनीवरच्या खुणा पाहून, अंदाजानं तो हवेत तलवार फिरवायचा.

एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवात रॅपर टुपाक शकूर रंगमंचावर आला, तेव्हा त्याच्या मृत्यूला सोळा वर्षं होत आली होती. त्याच वर्षीच्या गुजरात विधानसभा निवडणुकीत आणि पुढे २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत नरेंद्र मोदींच्या सभा एकाच वेळी अनेक ठिकाणी झाल्या. दोन्हींकडे पेपर यांचीच रचना होती. काचेच्या जागी ताणून बसवलेला अतिशय पातळ पारदर्शक पडदा आणि खड्ड्यातल्या नटाच्या जागी प्रोजेक्टरनं उमटवलेलं चित्र, एवढाच फरक.

एवढाच म्हटलं, पण त्यात एक गोष्ट हरवली. पेपर यांच्या खड्ड्यात हाडामांसाचा माणूस होता. आरशात दिसणाऱ्या प्रतिमेला वस्तूइतकीच खोली असते, त्यामुळे १८६२ चं भूत खरोखर त्रिमिती होतं. जागा बदलून पाहिलं तर त्याच्या खांद्यामागचा भाग थोडा अधिक दिसला असता. २०१२ मध्ये परावर्तन होतं ते सपाट चित्राचं, म्हणून प्रतिमाही सपाट, पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी. पहिल्या रांगेपासून अंतर पुरेसं ठेवलं की डोळ्यांना हे उमगत नाही. आपल्या दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण साडेसहा सेंटिमीटर आहे. जवळच्या वस्तूकडे पाहताना दोघांना मिळणाऱ्या दृश्यांत बराच फरक असतो, दूरच्या वस्तूच्या बाबतीत तो नगण्य होतो आणि खोलीचा अंदाज मेंदू सावल्या, आकार, हालचाल यांवरून बांधतो. तंत्राचा गाजावाजा दीडशे वर्षांत वाढला आणि प्रतिमेची एक मिती कमी झाली, याकडे क्वचितच कोणी लक्ष वेधतं.

मॉलमधल्या फिरत्या बाटलीबद्दल थोडक्यात. तिथे पंख्याच्या पात्यांवर एलईडींची रांग असते. पातं वेगानं फिरताना प्रत्येक जागी वेगळे दिवे लागतात, डोळ्यावरचा ठसा क्षणभर टिकतो आणि एक सपाट चित्र तयार होतं. इमारतींवर रंग खेळवणाऱ्या कार्यक्रमांत भिंतीची आधी अचूक मापं घेतात आणि खांब-कमानींवर पडल्यावर सरळ दिसेल असं चित्र मुद्दाम वेडंवाकडं करून फेकतात. दोन्ही प्रकार देखणे असतात, पण त्यांत गूढ असं काही नाही.

लेझरच्या झोतांबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. मिरवणुकीत हे झोत आकाशात तलवारींसारखे दिसतात ते धूर आणि धुळीमुळे. धुरानं आपल्याकडे वळवलेला प्रकाश मूळ झोताचा अत्यल्प भाग असतो. मूळ झोत थेट डोळ्यात गेला तर गोष्ट पूर्णपणे बदलते. साध्या दिव्याचा प्रकाश सगळीकडे पसरतो. लेझरचे किरण जवळजवळ समांतर असतात आणि डोळ्यातलं भिंग ते सगळे दृष्टिपटलावरच्या एका सूक्ष्म बिंदूत गोळा करतं. तिथल्या पेशी भाजतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर महाराष्ट्रातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा इजांबद्दल जाहीरपणे सांगितलं, पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी मिरवणुकीतल्या अशा झोतांवर बंदी घातली. लेझर गर्दीच्या डोक्यावरून, कोणाच्याही डोळ्याच्या उंचीवर येणार नाही असाच सोडायचा असतो. हलत्या ट्रकवरून ते पाळणं अशक्य आहे, म्हणून मिरवणुकीत तो नकोच.

आता खरा होलोग्राम.

छायाचित्र काढताना काय हरवतं, इथून सुरुवात करावी लागते. प्रकाश ही लाट आहे. फिल्मवर किंवा कॅमेऱ्यातल्या संवेदकावर ती पोचते तेव्हा ती किती जोरदार होती एवढंच नोंदलं जातं. ती कोणत्या दिशेनं आली, त्या क्षणी तिचा उंचवटा पोचला की खळगा, याची नोंद होत नाही. होणार कशी? लाल प्रकाशाची लाट सेकंदाला सुमारे ४७० लाख कोटी वेळा वरखाली होते. एवढं झपाट्यानं टिपणारं साधन नाही. आणि वस्तूची खोली, तिची गोलाई, तिच्यामागे काय दडलं आहे, हे सगळं नेमकं त्या न नोंदलेल्या भागात असतं.

डेनिस गाबोर हा हंगेरियन अभियंता १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी गावी, ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीत काम करत होता. त्याच्या डोक्यात करमणूक अजिबात नव्हती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांमधल्या दोषांमुळे चित्र धूसर येत होतं आणि त्यावर त्याला उपाय हवा होता. त्याला सुचलं ते असं: वस्तूवरून आलेल्या लाटेत दुसरी एक शिस्तशीर, आपल्याला पूर्ण माहीत असलेली लाट मिसळायची. जिथे उंचवट्याला उंचवटा भेटेल तिथे उजेड, जिथे उंचवट्याला खळगा भेटेल तिथे अंधार. याला व्यतिकरण म्हणतात. उजेड-अंधाराची ही जाळी जागच्या जागी स्थिर असते, त्यामुळे फिल्मवर सहज टिपता येते आणि लाटेच्या वेळेची हरवलेली माहिती तिच्यात जागेच्या रूपानं येऊन बसते. मग फिल्म धुऊन तिच्यावर तीच शिस्तशीर लाट पुन्हा सोडायची. त्या बारीक रेषांमधून जाताना प्रकाश वाकतो, विवर्तित होतो, आणि पलीकडे जी लाट बाहेर पडते ती मूळ वस्तूवरून आली होती हुबेहूब तशीच असते.

इथे कुठलंही चित्र कशावरही पडत नाही. वस्तू समोर असती तर डोळ्यात जी लाट शिरली असती, तीच शिरते. फरक ओळखायला डोळ्याकडे काही साधनच उरत नाही. त्या प्लेटकडे खिडकीसारखं पाहायचं: मान डावीकडे नेली की पुढच्या वस्तूआडची मागची वस्तू दिसू लागते, जवळचं पाहताना दूरचं धूसर होतं. होलोग्राममध्ये बहिर्गोल भिंग टिपलेलं असेल, तर प्रतिमेतलं ते भिंगही मागची अक्षरं मोठी करून दाखवतं आणि आपण हललो की भिंगाखालची अक्षरं बदलतात. प्लेट फुटली तर तुकड्यातूनही पूर्ण दृश्य दिसतं, फक्त लहान खिडकीतून पाहिल्यासारखं. कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूवरचा प्रकाश प्लेटच्या प्रत्येक भागावर पोचलेला असतो.

गाबोरचा निबंध १९४८ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आपल्या पहिल्या होलोग्राममध्ये त्यानं तीन नावं टिपली होती: हायगेन्स, यंग आणि फ्रेनेल. प्रकाश ही लाट आहे असं मांडणाऱ्या तिघांना केलेला हा नमस्कार होता. पण पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशात लाटांची शिस्त फार टिकत नव्हती. शिवाय त्याच्या मांडणीत खऱ्या प्रतिमेवर तिचीच एक जुळी प्रतिमा येऊन बसे. शोध जवळजवळ अडगळीत गेला.

तो बाहेर काढला लेझरनं. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमनचा पहिला लेझर चालला. मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ रडारवर काम करत होता. रडारच्या नोंदींचं गणित सोडवता सोडवता तो गाबोरच्या कल्पनेपाशी पोचला. त्यानं आणि युरिस उपाटनीक्सनं शिस्तशीर लाट समोरून न आणता तिरक्या दिशेनं आणली आणि जुळी प्रतिमा बाजूला सरली. १९६४ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या प्रकाशशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम ठेवला, तेव्हा तो पाहायला शास्त्रज्ञांची रांग हॉटेलच्या मार्गिकेत लांबवर गेली. गाडी कुठे लपवली आहे, असं विचारणारेही त्यांत होते. प्रकाशशास्त्रात आयुष्य घालवलेल्या माणसांना प्लेटमागे हात घालून पाहावंसं वाटलं, यावरून त्या दृश्याची ताकद कळते.

त्याच सुमारास लेनिनग्राडमध्ये युरी डेनिस्युक वेगळ्या वाटेनं आला. त्याच्या प्लेटमध्ये दोन्ही लाटा समोरासमोरून येतात आणि जाळी थरांच्या रूपात बसते, एका मिलिमीटरमध्ये चार-पाच हजार थर. हे थर साध्या पांढऱ्या उजेडातून हवा तोच रंग निवडून परत पाठवतात, त्यामुळे पाहायला लेझर लागत नाही. अमेरिकेत स्टीफन बेंटननं १९६८ मध्ये आणखी एक तडजोड शोधली. आपले डोळे शेजारी शेजारी आहेत, एकावर एक नाहीत. मग मान वरखाली केल्यावर दृश्य बदलण्याची गरज काय? ती माहिती सोडून दिली आणि त्या बदल्यात इंद्रधनुषी रंगांत, साध्या उजेडात दिसणारा होलोग्राम मिळाला. तो धातूच्या साच्यानं चकचकीत वर्खावर ठशासारखा उमटवता येतो. बँकेच्या कार्डावर, औषधाच्या खोक्यावर चमकणारी चकती हीच. बनावट करणाऱ्याला छायाप्रत काढून भागत नाही, कारण छायाप्रतीत नेमकी लाटेची माहितीच हरवते.

मग हलता, बोलता होलोग्राम अजून दिवाणखान्यात का नाही? एक अडचण स्थैर्याची. टिपताना वस्तू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी हलली तरी जाळी पुसली जाते. म्हणून प्रयोगशाळेतलं टेबल हवेच्या गाद्यांवर तरंगतं ठेवतात. क्षणार्धाच्या लेझर-ठिणगीनं माणसांचेही होलोग्राम काढतात, पण ते स्थिर चित्रच. टिपण्याऐवजी ही जाळी संगणकानं काढून पडद्यावर उमटवली तर? तिथे ठिपक्यांचा हिशेब आडवा येतो. प्रकाश किती वाकणार हे जाळी किती बारीक आहे यावर ठरतं. आजच्या चांगल्या पडद्यांवरचे ठिपके चार मायक्रोमीटरच्या आसपास असतात. त्यांतून हिरवा प्रकाश दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार अंश वाकतो, म्हणजे डोकं जरा हललं की प्रतिमा गेली. दोन्ही बाजूंना तीस अंश हवे असतील तर ठिपका अर्ध्या मायक्रोमीटरचा लागेल. हाताच्या पंजाएवढ्या, दहा सेंटिमीटर बाजूच्या पडद्यावर असे ४ हजार कोटी ठिपके होतात. नेताजींच्या प्रोजेक्टरच्या फोर-के चित्रात ते ८३ लाखांच्या आसपास असतात. जवळजवळ पाच हजारपट मोठा आकडा, तोही सेकंदाला निदान पंचवीस-तीस वेळा नव्यानं काढायचा.

काहींनी पडदाच सोडून दिला. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या डॅनियल स्मॉली यांच्या गटानं २०१८ मध्ये सेल्युलोजचा एक सूक्ष्म कण लेझरच्या झोतात पकडून हवेत वेगानं फिरवला आणि त्याच्यावर रंगीत प्रकाश टाकून चित्र काढलं. हे चित्र सगळ्या बाजूंनी दिसतं आणि खरोखर हवेत असतं. पण आकार नखाएवढा. एकट्या कणाला एवढ्यातच धावता येतं.

गणिताची बाजू मात्र वेगानं सोपी होते आहे. एमआयटीतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की शिकवून तयार केलेलं न्यूरल नेटवर्क ही जाळी साध्या संगणकावर चुटकीसरशी काढू शकतं. त्याला एक मेगाबाइटपेक्षाही कमी मेमरी पुरते. ठिपक्यांची अडचणही वळसा घालून सोडवायचा प्रयत्न चालू आहे: सगळ्या दिशांना प्रकाश पाठवायचाच कशाला? पाहणारा एकच असेल तर लाट त्याच्या बाहुलीपुरतीच उभारायची, काही मिलिमीटरच्या त्या भोकात जाईल एवढीच. मग चार अंशही पुरतात. चष्म्याच्या आकाराच्या पडद्यांसाठी आज प्रयोगशाळांत हाच मार्ग धरला आहे. यात जवळच्या-दूरच्या वस्तूवर डोळ्याला खरोखर नजर जुळवावी लागते, त्यामुळे सपाट पडदे डोळ्यांपुढे बांधून फिरणाऱ्यांना होणारा ताण टळतो. अडतं ते दोन ठिकाणी. लेझरच्या प्रकाशात प्रतिमेवर वाळूसारखी चमचम पसरते आणि नजर थोडी फिरवली की बाहुली त्या अरुंद लाटेच्या बाहेर जाते. म्हणून आता बाहुली कुठे वळली हे कॅमेऱ्यानं टिपून, ती तिथे पोचताच जाळी बदलायची, यावर काम चाललं आहे.